गाडी बाजूला घ्या!

मराठी भाषेत काही वाक्ये अशी आहेत की ती कानावर पडताच भल्याभल्यांच्या पोटात गोळा उठतो. 'डॉक्टरांनी तुम्हाला आत बोलावलंय' हे त्यांपैकी एक. 'जाण्यापूर्वी साहेबांना भेटून जा' हे दुसरे. 'अहो, जरा इकडे येता का?' हे तिसरे. आणि ते स्वयंपाकघरातून येत असल्यामुळे सर्वांत भयंकर होय, असे माझे काही अनुभवी स्नेही सांगतात. परंतु ज्या माणसाने दुचाकीवर मांड ठोकली आहे त्याला विचाराल तर तो या तिन्ही वाक्यांवर ताण करणारे चौथे वाक्य सांगेल. ते म्हणजे, 'गाडी बाजूला घ्या!'

व्याकरणाच्या कसोटीवर घासून पाहिले तर या वाक्यात भिण्यासारखे काहीही नाही. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो, तेव्हा एवढे खात्रीने सांगू शकतो. 'गाडी' हे कर्म, 'घ्या' हे आज्ञार्थी क्रियापद, आणि तेही आदरार्थी अनेकवचनात. कर्ता अध्याहृत. ज्याचा साधा उल्लेखसुद्धा झालेला नाही त्या कर्त्याने घाबरायचे काय कारण? पण घाम फुटतो तो नेमका त्या अध्याहृत कर्त्यालाच! लायसन कोणत्या खिशात आहे? विम्याची मुदत केव्हा संपते? धुराचा दाखला कुठे ठेवला? मागचा दिवा लागतो ना? ज्याचे सारे कागद चोख असतात त्यालाही त्या क्षणी आपण कसला तरी गुन्हा केला आहे असे वाटू लागते. मग चेहरा निरपराध दिसावा म्हणून तो जी धडपड करतो, तिच्यामुळे तो अधिकच संशयास्पद दिसतो.

ही भीती मोटारसायकलीबरोबर जन्माला आली असे मात्र नाही. पुणे हे सायकलींचे शहर होते तेव्हाही ती होती. माझे वडील साठ-सत्तर सालच्या सुमारास सायकलवरून कॉलेजात जात. त्या काळात सायकलस्वारांचे दोन गुन्हे प्रसिद्ध होते, डबलसीट बसणे आणि बिनदिव्याची सायकल हाकणे. डबलसीटवाल्यांनी पहिल्यावर तोड काढली होती. चौक दिसू लागला की मागचा मित्र चालत्या सायकलवरून टुणकन उतरे आणि या सायकलवाल्याला आपण जन्मात पाहिले नाही अशा थाटात पदपथावरून चालू लागे. चौक ओलांडला की पुन्हा ओळख पटे! दिव्याचे प्रकरण जरा अवघड होते. पोलिसाने अडवले की सायकलस्वार म्हणे, 'आत्ताच विझला हो, वाऱ्यानं!' पोलीस एक अक्षर न बोलता हात पुढे करी आणि दिव्याच्या काचेला बोट लावून पाही. काच थंड लागली की खटला तेथेच संपला. मग चाकातली हवा फस्स करून सोडली जाई आणि तो विद्यार्थी आपल्या वाहनाला हाताशी धरून घरापर्यंत पायी जाई. वडील ही गोष्ट सांगताना पोलिसावर कधी चिडल्याचे मला आठवत नाही. उलट, 'बोट लावून बघायचा हो, लबाड!' असे म्हणताना त्यांच्या आवाजात एक प्रकारचे कौतुकच असे.

पुढे काळ पालटला. १९७२ साली 'चेतक' स्कूटर आली. नाव राणा प्रतापाच्या घोड्याचे. पण सुरू होण्यापूर्वी या घोड्याला एका कुशीवर कलंडवावे लागे, हा भाग निराळा. तिच्या मागोमाग मोटारसायकली आल्या, बिनगिअरच्या स्कूटरी आल्या आणि बघता बघता सायकली कोपऱ्यात जाऊन बसल्या. आज आमच्या शहरात सकाळी दहा वाजता कोणत्याही चौकात उभे राहा. समोर दुचाक्यांचा असा पूर लोटलेला दिसतो की त्याला थोपवून धरणारा पांढऱ्या सदऱ्यातला तो एकटा माणूस पाहून एखाद्याला त्याची करुणाच यावी. पण करुणा येत नाही. येते ती शंका, 'आज याची नजर माझ्यावर तर नाही?'

या एका शंकेतून दुचाकीस्वारांच्या किती म्हणून तऱ्हा निर्माण झाल्या आहेत! काहीजण हेल्मेट दंडात अडकवून हिंडतात आणि चौक पन्नास पावलांवर आला की ते डोक्यावर चढवतात. डोक्यापेक्षा कोपराला जपण्याची ही रीत शरीरशास्त्राला धरून नसली तरी पुण्याला धरून आहे. १ जानेवारी २०१९ पासून येथे हेल्मेटसक्तीची जोरदार मोहीम सुरू झाली, तेव्हा तिच्याविरुद्ध मोर्चेही निघाले. पगडीधारी शीख बांधवांना कायद्याने हेल्मेटमधून सूट दिली आहे. पुणेरी पगडीला ती नाही, याचे शल्य आमच्या आळीतील एक गृहस्थ अजून बाळगून आहेत. दुसरे काही लोक पोलीस दिसताच गाडीवरून उतरतात आणि ती हाताने ढकलू लागतात. पेट्रोल संपल्याचा अभिनय या शहरात जितका सफाईने होतो तितका रंगभूमीवर कुठलाही होत नसेल. आणखी काहीजण चौकाच्या अलीकडेच उलट वळतात आणि एका पोलिसाला चुकवण्यासाठी दहा मोटारींच्या तोंडी जातात.

सापडल्यावरचे प्रकार आणखी निराळे. आमच्या इमारतीत एक सद्गृहस्थ आहेत. बँकेतून निवृत्त झालेले, वर्षातून दोनदा सत्यनारायण करणारे. एकदा मी त्यांच्या मागे बसून निघालो असताना त्यांनी एकेरी रस्त्यात उलट्या बाजूने स्कूटर घातली. मी 'अहो, अहो' म्हणेपर्यंत समोर पोलीस उभा! लगेच गृहस्थांनी खिशातून फोन काढला आणि तो पोलिसापुढे धरून म्हणाले, 'घ्या, बोला.'

'कोण आहे?' पोलिसाने विचारले.

'तुम्ही बोला तर खरं!'

'आधी लायसन दाखवा.'

'अहो, माझ्या भाच्याचे सासरे तुमच्याच खात्यात आहेत.'

'असतील. लायसन?'

'ते कोण आहेत माहीत आहे का तुम्हाला?'

पोलीस शांतपणे म्हणाला, 'काका, ते कोण आहेत हे तुम्हाला माहीत आहे. पण हा रस्ता एकेरी आहे हे तुम्हाला माहीत नाही. मी तुमच्या माहितीतली उणीव भरून काढतोय.'

दंड भरून पुढे निघाल्यावर गृहस्थ मला म्हणाले, 'पूर्वी लोकांना माणसांची किंमत होती!' सरळ रस्त्याने गेलो असतो तर त्यांना भाच्याच्या सासऱ्यांची आठवण काढावी लागली नसती, हे मी त्यांना सांगितले नाही. शेजारधर्म आहे.

गंमत बाजूला ठेवली तर या प्रसंगाची एक विचित्र गोष्ट लक्षात येते. रस्त्याच्या कडेला दोन माणसे समोरासमोर उभी राहतात आणि दोघेही आपण आहोत त्याहून कुणीतरी निराळे आहोत असे भासवू लागतात. एक मोठ्यांचा नातलग होतो, दुसरा सगळ्या सरकारचा मालक होतो. एक गयावया करतो, दुसरा डोळे वटारतो. वास्तविक दोघांमध्ये काम असते ते अगदी साधे. नियम मोडला असेल तर दंड, दंड दिला तर पावती. नियम मोडला नसेल तर 'या आता.' पण हे साधे काम साधेपणाने क्वचितच पार पडते.

याला कायद्याची भाषाही थोडा हातभार लावते. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्यात असे पुष्कळ गुन्हे आहेत की जे न्यायालयात न जाता जागच्या जागी रक्कम भरून मिटवता येतात. या रकमेला आपल्या सरकारी मराठीत नाव आहे, 'तडजोड शुल्क'! आता तडजोड हा शब्द सरकारनेच चौकात आणून ठेवल्यावर लोकांनी आपापल्या सोयीप्रमाणे तडजोडी केल्या, तर एकट्या लोकांना दोष कसा द्यावा? २०१९ साली कायद्यात दुरुस्ती झाली. केंद्राच्या कायद्यात हेल्मेट नसल्याचा शंभर रुपयांचा दंड हजारावर गेला आणि परवान्यावाचून गाडी चालवण्याचा पाचशेचा पाच हजारांवर. महाराष्ट्राने आपले नवे दर डिसेंबर २०२१ मध्ये लागू केले. दंड मोठा झाला की धाक वाढतो हे खरे. पण त्याबरोबर चिरीमिरीचा भावही वधारतो. शंभराच्या पावतीपायी कुणी आपले इमान विकत नाही. पाच हजारांच्या पावतीसमोर मात्र दोन्हीकडची इमाने जरा डळमळतात.

माझ्या एका अनुभवाने हा विषय माझ्या मनात पक्का रुतून बसला. दूरच्या एका शहरात एका कार्यासाठी मी मोटारसायकलवरून गेलो होतो. मागे माझी दहा वर्षांची मुलगी होती. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट होते. गावात शिरताच एकाने हात केला. गाडीच्या पाटीवरचे 'एमएच १२' त्याने लांबूनच वाचले असावे. मी थांबलो. तो जवळ आला आणि काही बोलण्यापूर्वीच त्याने गाडीची किल्ली काढून आपल्या खिशात टाकली.

'कागद काढ.'

मी फोनवरच्या डिजिलॉकरमध्ये ठेवलेला परवाना आणि गाडीची नोंदणी दाखवली. २०१८ सालापासून असे दाखवलेले कागद मूळ कागदांइतकेच ग्राह्य धरावेत असा नियम आहे. त्याने फोनकडे पाहिलेसुद्धा नाही.

'अरे, हे इथं चालत नाही. पाचशे काढ.'

'पावती मिळेल ना?' मी विचारले.

'पावती पाहिजे असेल तर दोन हजार.'

मी पैसे दिले नाहीत. नियम सांगितला, पुन्हा सांगितला, आणि मग गप्प उभा राहिलो. ऊन चांगलेच तापले होते. मुलगी हेल्मेट काढून माझ्या सावलीत उभी राहिली. चाळीस मिनिटांनी त्याच्याहून वयाने मोठा असा एक अधिकारी आला. त्याने फोनवरचे कागद नीट वाचले, खालच्या माणसाकडे एकदा पाहिले आणि मला म्हणाला, 'या तुम्ही, सर.' किल्ली परत मिळाली. दहा-बारा शब्दांत सगळे संपले.

पुढे एका रसवंतीवर आम्ही थांबलो, तेव्हा मुलीने विचारले, 'बाबा, तो माणूस तुला 'अरे' का म्हणत होता?'

मी म्हटले, 'तूही म्हणतेस की!'

'मी म्हणते ते वेगळं. तो माझ्यासारखं नव्हता म्हणत.'

वर्गात मी हा विषय दरवर्षी शिकवतो. मराठीत आपण देवाला 'तू' म्हणतो, आईला 'तू' म्हणतो, पोटच्या पोराला 'तू' म्हणतो, आणि ज्याला पायरी दाखवायची असते त्यालाही 'तू'च म्हणतो. शब्द एकच, पण एक जवळ घेतो आणि एक ढकलून देतो. हा फरक समजावून सांगायला मला फळ्यावर अर्धा तास लागतो. मुलीला तो उन्हात उभे राहून चाळीस मिनिटांत कळला होता. पाचशे रुपये वाचले याचा मला त्या दिवशी आनंद झाला नाही. आपल्या बापाला रस्त्यावरचा कुणीही अंगावर गणवेश असल्याच्या बळावर 'अरे' म्हणू शकतो, ही गोष्ट मुलीला दहाव्या वर्षीच कळली, याचे मात्र फार वाईट वाटले. पुढे बरेच दिवस चौकातला पांढरा सदरा दिसला की माझ्या कपाळाला आठी पडे.

ती आठी उतरली ती वर्गातच. आमच्या द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना मी दरसाल एक काम देतो. आपल्या घरी जो व्यवसाय चालतो त्यातले शब्द गोळा करून आणायचे. कुणी गुऱ्हाळातले शब्द आणतो, कुणी शिंप्याच्या दुकानातले, कुणी फुलांच्या बाजारातले. त्या वर्षी एका अबोल मुलीने शंभर पानी वही आणून दिली. तिचे वडील वाहतूक शाखेत हवालदार आहेत, हे तोवर वर्गात कुणालाच ठाऊक नव्हते. तिने ते कधी सांगितले नव्हते.

वहीत 'पॉइंट', 'बंदोबस्त', 'नाकाबंदी', 'पावती फाडणे' असे पुष्कळ शब्द होते. आठव्या पानावर मथळा होता, 'बाबांना एका दिवसात लोकांनी मारलेल्या हाका'. त्याखाली ओळीने लिहिले होते, 'साहेब (लायसन नसेल तर). मामा (लायसन असेल तर). काका. दादा. ओ हवालदार. ओ. शुक् शुक्. पांडू.' आणि शेवटी, 'आणखी दोन शब्द आहेत. ते मी लिहिलेले नाहीत.'

'पांडू' या शब्दापाशी तिने एक टीप दिली होती. 'पांडू हवालदार' हा दादा कोंडके यांचा चित्रपट १९७५ साली आला. बाबांनी तो चार वेळा पाहिला आहे आणि त्यांना तो फार आवडतो. 'पण,' तिने लिहिले होते, 'पडद्यावर हसू येतं तसं चौकात येत नाही.'

'मामा' या शब्दावर तर तिने अख्खे पान खर्ची घातले होते. मामा म्हणजे आईचा भाऊ. मामाचा गाव. चांदोमामा. शकुनीमामा. कंसमामा. आणि 'मामा बनवणे' म्हणजे फसवणे. खाली लिहिले होते, 'बाबा म्हणतात, मला दिवसातून शंभरदा मामा म्हणतात. त्यातले नव्वद बनवायला आलेले असतात. भाचा एखादाच.'

आणि एका पानावर, कोशात असतो तसा, हा शब्द होता :

'दंड : (१) लोक भरतात तो. (२) पूर्वी पोलिसाच्या हातात असे तो. (३) रात्री आई तेल लावून चोळते तो.'

मी वही मिटून थोडा वेळ तसाच बसलो. दंड म्हणजे काठी, दंड म्हणजे शिक्षा आणि दंड म्हणजे बाहू, हे मी कितीतरी वर्षे शिकवत आलो आहे. पण चौकात आठ-आठ तास वर केलेला हात संध्याकाळी दुखत असेल आणि घरी कुणीतरी त्याला तेल लावत असेल, हे कोणत्याही कोशात दिलेले नाही. 'हवालदार' या शब्दाचेही तसेच. फारसीतून आलेला हा शब्द. ज्याच्या हवाली काही केले आहे तो हवालदार. शिवकाळात गडाचा मुख्य अधिकारी हवालदार असे आणि गडाच्या किल्ल्या त्याच्यापाशी राहत. परगावच्या त्या माणसाने मोटारसायकलची किल्ली खिशात टाकली, तेव्हा त्याला गडाची किल्ली घेतल्यासारखे वाटले असेल; पण आपल्या हवाली काय केले आहे, हे तो विसरला होता. आणि या मुलीचा बाप, लोकांनी 'शुक् शुक्' केले तरी, आपला चौक सांभाळून उभा होता.

त्या मुलीची परवानगी घेऊन मी तिची वही वर्गात वाचून दाखवली. हसणारे हसले. 'दंडा'पाशी मात्र कुणी हसले नाही. तास संपल्यावर मोटारसायकलवाली दोन-तीन मुले तिच्याभोवती उभी राहून, 'तुझे बाबा कोणत्या चौकात असतात गं?' असे विचारत होती. त्यांचा हेतू अगदीच निःस्वार्थ होता असे मी म्हणणार नाही. पण ती मुलगी त्या दिवशी प्रथमच मोठ्याने बोलताना मी ऐकली.

यानंतर वर्षभराने, श्रावणातल्या एका संध्याकाळी, नळ स्टॉपच्या चौकात मी फुले घ्यायला उभा होतो. समोरून एक तरुण मोटारसायकलवर आईला घेऊन चालला होता. आई जरीच्या साडीत, एका अंगाला पाय सोडून बसलेली. साडी चाकात जाऊ नये म्हणून मागच्या चाकाला जाळी बसवलेली असते. पण पुष्कळ तरुण ती शोभेसाठी काढून टाकतात. याच्याही गाडीला ती नव्हती. पदर खांद्यावरून घसरून चाकापाशी लोंबत होता. त्या दोघांचेही तिकडे लक्ष नव्हते.

चौकातल्या हवालदाराचे गेले. त्याने शिट्टी मारली.

आता शिट्टीला काही व्याकरण नसते. 'थांबा' आणि 'जपा' या दोन्हींना तिच्यात एकच स्वर. तरुणाच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. त्याने डोळ्याच्या कोपऱ्यातून पोलीस पाहिला, दंडाचा हिशेब केला आणि गाडीचा वेग वाढवला. तेव्हा तो पोट सुटलेला, पन्नाशीचा माणूस आपली जागा सोडून भर रहदारीत धावत सुटला. 'अरे पदर! अरे पोरा, पदर!' त्याचा आवाज फाटला होता. तीस-चाळीस पावलांपुढच्या एका रिक्षावाल्याने तो ऐकला आणि रिक्षा आडवी घातली. गाडी थांबली. तोवर पदर चाकात दोन वेढे गुंडाळला गेला होता आणि ती बाई खेचली जाऊन मुलाच्या पाठीला घट्ट धरून बसली होती.

तरुणाने वळून पाहिले. धापा टाकणारा हवालदार जवळ आलेला दिसताच त्याने सवयीने पाकीट काढले.

'किती झाले, मामा?'

हवालदार म्हणाला, 'अरे, आधी आईचा पदर सोडव.'

मग तो स्वतःच खाली बसला. चाक हलक्या हाताने उलटे फिरवून त्याने एकेक वेढा सोडवला. जर थोडी उसवली, कापडाला वंगण लागले, एवढ्यावर निभावले. ती बाई पदर खांद्यावर घेत म्हणाली, 'दादा, देवासारखे धावलात.' तिने 'दादा' म्हटले आणि 'मामा' हा शब्द त्या चौकात खरा झाला. आईचा भाऊ, दुसरे काय?

पुढची गोष्ट मला फार आवडली. हवालदाराने गुडघे झटकले, हातातले यंत्र काढले आणि हेल्मेट नसल्याबद्दल त्या तरुणाला रीतसर दंड केला. पावतीही दिली. तरुणाने ती घेतली, एकदा वाचली आणि म्हणाला, 'चुकलं, साहेब.' या वेळी त्या 'साहेब'मध्ये काही बनवाबनवी नव्हती.

घरी आल्यावर मी ही हकिगत मुलीला सांगितली. ती नीट ऐकून घेऊन म्हणाली, 'हा 'अरे' माझ्यासारखा होता.' परगावचा तो 'अरे' त्यामुळे पुसला गेला, असे मी म्हणणार नाही. तो तेथे आहेच. परंतु त्याच्या शेजारी आता हा दुसरा येऊन बसला आहे.

हल्ली चौकाचौकांत खांबांवर कॅमेरे बसले आहेत. तेथे ओळख चालत नाही, रडणे चालत नाही, चिरीमिरी चालत नाही. गुन्हा घडला की छायाचित्रासकट निरोप फोनवर येतो आणि पावती न मागता मिळते. रस्त्याच्या कडेला उभे राहून कुणी कुणाला 'अरे' म्हणण्याचा प्रश्नच उरलेला नाही. ही सुधारणा आहे, आणि मोठी सुधारणा आहे. भर उन्हात ताटकळलेला मनुष्य तिला विरोध करणार नाही. फक्त एवढेच की कॅमेऱ्याने त्या तरुणाच्या उघड्या डोक्याचे सुरेख छायाचित्र घेतले असते, त्याच्या आईचा पदरही त्यात स्पष्ट आला असता, आणि निरोप दुसऱ्या दिवशी मिळाला असता.

म्हणून चौकात माणूस हवा. आणि माणूस हवा असेल तर त्याच्याशी माणसासारखे बोलावेही लागेल, त्यानेही तसेच बोलावे लागेल. त्याला बनवायला जाणारे नव्वदजण जसे त्याला निबर करतात, तसा पावतीवाचून पैसे मागणारा एकजण आपल्याला बहिरे करतो. मग खरी शिट्टी वाजते तेव्हा आपण वेग वाढवतो.

दिवाळीच्या दिवसांत रस्ते भरून वाहतात. भाऊबीजेच्या संध्याकाळी तर नवे कपडे घातलेली, मिठाईचे पुडे सांभाळणारी अख्खी कुटुंबे दुचाक्यांवरून बहिणींच्या घरी निघतात. त्या वहीत असेही एक वाक्य होते, की 'बाबांची भाऊबीज आमच्याकडे नेहमी दुसऱ्या दिवशी असते.' तेव्हा या भाऊबीजेला कुणी हात वर केला तर थांबावे. कागद मागितले तर दाखवावेत. पैसे मागितले तर पावती मागावी, न भिता आणि न चिडता. आणि शिट्टी ऐकू आली तर पळण्यापूर्वी, मागे बसलेल्या माणसाचा पदर कुठे आहे, तेवढे पाहावे.